बरणी बंद करण्याआधी: घरचा खाऊ भेट देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सणासुदीच्या दिवसांत आमच्याकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "झाकण नीट बसत नाही, आतल्या कुकीज दोन दिवसांत सादळल्या." अशी बरणी आली की आम्ही ती पाण्याने भरतो, झाकण लावतो आणि कोरड्या कागदावर दहा मिनिटे उलटी ठेवतो. कागद ओला झाला तर झाकण लगेच बदलून देतो. बहुतेक वेळा कागद कोरडाच राहतो, कारण ओल बाहेरून शिरलेली नसते. पदार्थ कोमट असतानाच बरणी बंद केलेली असते. झाकण घट्ट असल्यामुळे आतली वाफ आतच अडकते, काचेवर थेंब धरतात आणि ते पुन्हा पदार्थातच मुरतात.

कुकी वरून हाताला गार लागते, पण तिचा मधला भाग बराच वेळ गरम असतो. ट्रेमधून काढून जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. थंड ताटावर ठेवली तर खालच्या बाजूला घाम धरतो. साधारण आकाराच्या कुकीला तास-दीड तास द्या. भाजलेला सुकामेवा आणि ग्रॅनोला (तेल-मधात कालवून भाजलेले ओट्स आणि दाणे) एका थरात पसरून ठेवा. ढीग केला तर मधला भाग गार व्हायला कितीतरी वेळ लागतो. खात्री करायची असेल तर मूठभर पदार्थ बरणीत घालून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी काचेच्या आतून पाहा. किंचित जरी धुके दिसले, तरी थांबा.

उलट चूकही होते. रात्रभर उघडे ठेवले की दमट हवेत तोच पदार्थ हवेतली ओल ओढून घेतो. साखरेचा पाक चढवलेले बदाम-शेंगदाणे यात सर्वांत नाजूक, ते तासाभरातही चिकट होऊ लागतात. पंख्याखाली गार करा आणि पूर्ण गार झाले की लगेच भरा. साधी कुकी किंवा सुकामेवा सादळलाच, तर 150 अंश सेल्सिअसला 5 ते 7 मिनिटे पुन्हा भाजून गार करा. कुरकुरीतपणा परत येतो. पाकाचे दाणे आणि चॉकलेट मात्र असे सावरता येत नाहीत.

"मग सिलिका जेलची पुडी टाकली तर?" असे बरेच जण विचारतात. ओल शोषून घेणाऱ्या, खाद्यपदार्थांसाठीच्या अशा पुड्या आमच्याकडे मिळतात आणि भेट लांब पाठवायची असेल तर त्या घ्याव्यात असे आम्हीच सांगतो. पण 2 ग्रॅमची पुडी एक ग्रॅमही पाणी धरत नाही. कोमट कुकीजची वाफ तिच्या आवाक्याबाहेरची असते.

बरणीही तितकीच कोरडी हवी. धुतल्यावर रबराची रिंग काढून ठेवा. पुष्कळदा पाणी तिच्याखालीच साठलेले असते. नुसती काच 110-120 अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवली की आतून पूर्ण वाळते. मग ती पूर्ण गार होऊ द्या.

कमी खर्चात उठून दिसणारी भेट हवी असेल तर आम्ही ग्रॅनोला सुचवतो. 300 ग्रॅम ओट्स, 150 ग्रॅम दाणे आणि बिया, 80 मिली तेल, 100 मिली मध, अर्धा चमचा मीठ. सगळे एकत्र कालवून 150 अंशांना 25 ते 30 मिनिटे भाजा, मध्यावर एकदा हलवा. 100 ग्रॅम बेदाणे भाजून झाल्यावरच घाला, आधी घातले तर ते कडक आणि कडू होतात. साधारण 700 ग्रॅम तयार होतो, म्हणजे 250 मिलीच्या सहा बरण्या. महाग असतो तो सुकामेवा. तेव्हा निम्म्या दाण्यांऐवजी सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया घेतल्या तरी चव उतरत नाही. अक्रोड फार आधी आणून ठेवू नका, त्याला खवट वास लवकर येतो.

मोठी बरणी अर्धी भरण्यापेक्षा लहान बरणी काठोकाठ भरा. ती दिसायला भरगच्च असते आणि आत हवा कमी राहिल्याने तेलकट पदार्थ जास्त टिकतो. म्हणूनच 500 मिलीची मागणी आली तरी आम्ही आधी 250 मिलीची दाखवतो.

एका बरणीत एकाच जातीचा पदार्थ ठेवा. मऊ केकचे तुकडे आणि कुरकुरीत बिस्किटे शेजारी ठेवली तर केकमधली ओल बिस्किटात जाते आणि दोन्ही बिघडतात.

जॅमला मात्र वरचे काहीच लागू नाही, तो गरमच भरायचा. 1 किलो फळाला 800 ग्रॅम ते 1 किलो साखर आणि एका लिंबाचा रस घालून 104-105 अंशांपर्यंत शिजवा. थर्मामीटर नसेल तर थंड बशीवर थेंब टाका. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की झाला. बरणी ओव्हनमधून गरमच काढा, कारण गार काचेत उकळता जॅम ओतला की ती तडकते. वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडा, काठ पुसा आणि लगेच झाकण घट्ट फिरवा. गार होताना झाकणाचा मधला भाग आत ओढला गेला पाहिजे. तो वर फुगलेला राहिला तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून घरीच संपवा. यासाठी धातूचे फिरकीचे झाकण घ्या आणि दर वेळी नवे घ्या. आमच्या क्लिपच्या बरण्या कोरड्या पदार्थांसाठी आहेत.

बाटली मागितली की आत काय भरणार हे आम्ही विचारतो, आणि काही जणांना ते आवडत नाही. विचारण्याचे कारण गंभीर आहे. ओला लसूण किंवा ताजी पाने तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवली, तर हवा नसलेल्या त्या जागी बॉट्युलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे) जंतू विष तयार करू शकतात. वास, रंग, चव कशानेच ते ओळखू येत नाही. अशा भेटीसाठी आम्ही बाटली देत नाही. त्याऐवजी 200 ग्रॅम जाड मिठात दोन मोठे चमचे वाळलेली पाने आणि मिरपूड कालवा. 100 मिलीच्या बरणीत ते फार देखणे दिसते, खर्च नाममात्र येतो आणि महिनोन्‌महिने टिकते.

लेबलवर पदार्थाचे नाव आणि केल्याची तारीख घाला. शेंगदाणे, सुकामेवा, तीळ, गहू, दूध, अंडे यांपैकी जे असेल तेही लिहा. घेणाऱ्याच्या घरी कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसते. कोरी लेबले दहा बरण्यांच्या खरेदीवर आम्ही सोबत देतो.

जुन्या बरणीला फक्त झाकण हवे असेल तर बरणी घेऊन या. तोंडाच्या मापात दोन मिलिमीटरचा फरक असला तरी झाकण बसत नाही, आणि फोनवर सांगितलेल्या मापाने दिलेली झाकणे हमखास परत येतात.