सकाळी अडणारे इंटरनेट आणि मदरबोर्डवरचा सेल

सकाळी डेस्कटॉप सुरू करावा, तर ब्राउझरने ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असे सांगून बँकेचे संकेतस्थळ अडवावे आणि त्याच वायफायवर मोबाइल मात्र सुरळीत चालावा, ही जुन्या संगणकांची नेहमीची तक्रार आहे. मग राउटर बंद-चालू होतो, अँटीव्हायरस काढला जातो आणि अखेर कुणीतरी ‘फॉरमॅट मारू’ असे सुचवतो. या मनस्तापाचे खापर वापरणाऱ्याच्या अज्ञानावर फोडणे अन्यायाचे आहे. कारण संगणकात बिघाड एकीकडे असतो आणि त्याचे लक्षण भलतीकडेच दिसते.

या तक्रारीत दोष अनेकदा घड्याळाचा असतो. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीत बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. १९८४ च्या पीसी-एटी या पुढच्या मॉडेलमध्ये ते मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरच, आले. आज त्याला बहुधा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल जिवंत ठेवतो. घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की नेमका सेकंदाचा ठोका मिळतो.

सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागच्या, कारखान्यात भरलेल्या तारखेवर जाते. सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र ठरावीक दोन तारखांदरम्यानच वैध असल्यामुळे अशा संगणकाच्या लेखी ते अजून लागूच झालेले नसते आणि ब्राउझर, अगदी योग्यपणे, पुढे जाऊ देत नाही. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवते खरे. परंतु तफावत फार मोठी असेल तर तीही ही दुरुस्ती नाकारू शकते.

खरा चकवा पुढे आहे. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा, बंद संगणकालाही ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालते. आपल्याकडे रात्री ते बटण बंद करण्याची चांगली सवय आहे. त्यामुळे घड्याळाचा भार रात्रभर एकट्या सेलवर पडतो. दुपारी आलेल्या तंत्रज्ञाने तारीख लावून कितीही वेळा रीस्टार्ट केले, तरी दोष दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हजर असतो, आणि घरच्यांच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून बाकी काहीही न बदलता एक रात्र बटण चालू ठेवावे आणि पुढची रात्र बंद. पहिल्या सकाळी तारीख बरोबर व दुसऱ्या सकाळी चुकीची निघाली, तर सेलवरचा संशय पक्का होतो. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दिसतो. लिथियम सेलचे व्होल्टेज दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहून अखेरीस झपाट्याने घसरते, त्यामुळे आधी फारशी सूचना मिळत नाही.

सेल बदलताना प्लग काढावाच, पण त्याआधी बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या, सेटिंगचे मोबाइलने फोटो घ्यावेत. अनेक जुन्या मदरबोर्डांवर ही सेटिंगही त्याच सेलवर तगून असतात. हार्डडिस्क कोणत्या पद्धतीने जोडायची हे ठरवणारा एएचसीआय (AHCI) किंवा रेड (RAID) हा पर्याय आधीच्या सेटिंगपेक्षा वेगळा राहिला, तर नवा सेल बसवल्यावर विंडोज सुरूच होत नाही आणि चांगल्या हार्डडिस्कवर निष्कारण संशय येतो.