टेरेसवरच्या बॉक्समध्ये खाली खडी घालताय? नका घालू

कपडे, अंथरुणं ठेवायचे ते मोठे प्लास्टिकचे बॉक्स असतात ना, त्याचं झाकण मोडलं की बॉक्स टेरेसवर जातो आणि त्यात मिरची नाहीतर टोमॅटो लागतो, बेळगावात हे आता घरोघरी चाललंय. आणि सल्ला पण सगळीकडं एकच मिळतो, खाली भोकं पाडा आणि दोन-तीन इंच खडी घाला, म्हणजे पाणी साचत नाही. भोकांचं बरोबर आहे. खडीचं मात्र साफ उलटं आहे.

खात्री करायची असेल तर भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या, पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता न पिळता तोच स्पंज उभा करा, खालच्या टोकातनं पुन्हा धार लागते. स्पंज तोच, त्याची छिद्रं तीच, बदलली ती फक्त उंची.

मातीत पण हेच होतं. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. एक मिलिमीटर रुंदीची पोकळी साधारण 3 सेंटीमीटर उंचीचं पाणी पेलू शकते, 0.1 मिलिमीटरची असेल तर 30 सेंटीमीटर. म्हणून भोकातनं गळायचं थांबलं तरी तळाशी एक थर चिंब ओला राहतोच, आणि तो थर किती जाड हे माती किती बारीक यावर ठरतं, बॉक्स केवढा यावर नाही. समजा तो थर 8 सेंटीमीटर आहे, मग 16 सेंटीमीटर खोल टबात निम्मी माती बुडालेली, आणि 40 सेंटीमीटरच्या बॉक्समध्ये फक्त एक पंचमांश.

आता खडी. बारीक पोकळीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरतच नाही, कारण बारीक पोकळीची ओढ जास्त. वरची माती पार चिंब होईपर्यंत पाणी खडीच्या डोक्यावर अडून बसतं. म्हणजे तळाचा तो ओला थर जातो कुठं, तर तीन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ, आणि मुळांची तीन इंच जागा गेली ती वेगळीच.

मुळांना पाण्याचा त्रास नाही, हवा मिळत नाही याचा त्रास आहे. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. मूळ गुदमरलं की त्याला पाणी ओढता येत नाही, आणि पानं माना टाकतात. मग माणूस म्हणतो, "पाणी रोज घालूलालोय की, तरी झाड सुकूलालंय," आणि अजून एक तांब्या ओततो. वर पिथियमसारखे मूळकूज करणारे जीव अशा पाण्यात पोहतच मुळांपर्यंत येतात. खानापूरकडं भात पाण्यात उभं असतं ते चालतं, कारण भाताच्या देठात आणि मुळात हवा खाली न्यायला पोकळ्या असतात, मिरचीला ती सोय नाही.

आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस ऊन पडत नाही, त्यामुळं बाष्पीभवन जवळपास बंद. खानापूरच्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतनं तरी थोडं पाणी झिरपून उडतं, प्लास्टिकमधनं काहीच जात नाही. अथणीकडचे लोक म्हणतील आमच्याकडं पाऊसच कुठं आहे, खरं आहे, पण तिकडची काळी माती इतकी बारीक की बॉक्समध्ये नुसती भरलीत तर तळापासनं वरपर्यंत चिखलच.

भोकांचं काम निचरा लवकर व्हावा इतकंच, तो शेवटचा ओला थर भोकं वाढवून जात नाही. पण जोरदार सरीत लवकर निचरा व्हायलाच पाहिजे, म्हणून 8-10 मिलिमीटरची भरपूर भोकं हवीतच. या बॉक्सचा तळ सपाट नसतो, त्यात उंचवटे आणि खोलगट पट्टे असतात, भोकं उंचवट्यावर पडली तर पट्ट्यात पाणी तसंच राहतं. त्यासाठी आधी रिकाम्या बॉक्समध्ये तांब्याभर पाणी ओता, कुठं साठतं ते बघा, तिथंच पेनानं खूण करा आणि मग भोक पाडा. खाली लाकडाची फळी ठेवून ड्रिल हळू चालवा, नाहीतर हे प्लास्टिक तडकतं. आणि बॉक्स विटांच्या तुकड्यांवर ठेवा, तळ फरशीला चिकटला की भोकं असून नसल्यासारखी.

खरा फरक पडतो तो मातीत. तांबडी माती, कंपोस्ट, आणि सोबत काहीतरी जाडंभरडं, भाताच्या मिलमधलं जळकं तूस, शेंगांची टरफलं, विटांचे बारीक तुकडे, आणि हे तळाला नाही तर सगळ्या मातीत मिसळायचं. मूठभर बारीक वाळूनं काही होत नाही, वाळूच्या कणांमधल्या फटी माती भरून टाकते. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर पावसाळ्यात नकोच.

बॉक्स आधीच भरलेला असेल तर भोकातनं नायलॉनच्या दोरीचा तुकडा वर मातीत घुसवा आणि खाली चार बोटं लोंबता सोडा. दोरीनं पाण्याचा खांब लांबतो आणि तळाचं पाणी थोडं थोडं उतरतं, तोच स्पंज उभा केल्यासारखं.

उंच बॉक्स चांगला म्हणून टेरेसभर मांडू नका हां, फूटभर खोल ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जातं आणि वावर असलेल्या टेरेससाठी भारतीय मानकात धरलेला भार 150 किलोच आहे. लांब लांब ठेवा, भिंतीच्या नाहीतर बीमच्या वर. आणि मोडकं झाकण खाली ट्रे म्हणून लावायचा मोह होतो, तो उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात काढून टाका, त्यात साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.