पाच लाखांत दोन

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले. तीन जण गेले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. मग हजारो लोक घरबसल्या गुप्तहेर झाले. गर्दीचे फोटो मोठे करकरून कोणाच्या पाठीवर कसली सॅक आहे, हे रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर तपासलं जाऊ लागलं.

हेतू वाईट नव्हता. घोटाळा गणितात होता.

ही शर्यत बघायला सुमारे पाच लाख माणसं जमतात, असा अंदाज असतो. समजा, तुमची नजर इतकी तयार आहे की शंभर निरपराधांपैकी नव्याण्णव जणांना ती बरोबर वगळते. शंभरात एक चूक, त्याला कोण नावं ठेवील? पण पाच लाखांचा एक टक्का म्हणजे पाच हजार. बॉम्ब ठेवणारे होते दोघे. म्हणजे एकेका गुन्हेगारामागे अडीच हजार निरपराध तुमच्या यादीत. गर्दी वाढली की यादी आणखी फुगते. शिवाय नजर नव्याण्णव टक्के तरी कुठली! आपलं माणूस आपण पाठमोरं, नुसत्या चालीवरून ओळखतो. अनोळखी चेहऱ्यांचे दोन फोटो जुळवताना मात्र हमखास फसतो.

इथेही तेच झालं. महिनाभर बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याचा चेहरा संशयिताशी 'जुळला'. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी फेसबुकवर पान उघडलं होतं. त्यावर शिव्याशापांचा पाऊस पडला. काही दिवसांनी नदीत त्याचा मृतदेह सापडला. पोरगा स्फोटांच्या आधीच गेला होता. रेडिटने माफी मागितली; ती घरच्यांच्या काय कामाची?

चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअरही तेव्हा नापासच झालं. बॉम्ब ठेवणारे ते दोघे भाऊ होते; त्यांचे फोटो सरकारी नोंदींत होते, तरी त्याला ते सापडले नाहीत. चकमकीत मेलेल्या थोरल्याची ओळख पटली ती बोटांच्या ठशांवरून.

आपल्याकडे तर फोटोचीही गरज पडली नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवर आधीच पसरलेली. भिक्षुकीसाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. खूण एकच: अनोळखी माणसं. आता तेच गणित इथे लावून पाहा. खऱ्या टोळीची संख्या शून्य असेल, तर खूण जुळणारा प्रत्येक माणूस निरपराधच निघणार. त्या दिवशी तसे पाच निघाले.