पाइपाचं पाणी ओढ्यात सोडायच्या आधी : शेतातल्या पाणथळीची माहिती

नमस्कार मंडळी! शिरोळ, मिरज, वाळवा भागात चिबड (पाणी साचून क्षार वर आलेल्या) रानात निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून घेतलेले बरेचजण आता विचारतात की रान तर सुधारलं, ऊसही उभा राहिला, पण पाइपातनं पडणारं पाणी सरळ ओढ्यात आणि ओढा कृष्णेत, त्याचं काय. त्यांच्यासाठी हा कागद.

पाइपाच्या तोंडाशी पाणी ओंजळीत धरून बघा, अगदी नितळ दिसतं. पण टेस्टची पट्टी बुडवली की थोड्या वेळात गुलाबी होते, जेवढी गडद तेवढं नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचं पाण्यात विरघळलेलं रूप, जास्त. आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाला शिफारसच हेक्टरी 400 किलो नत्राची, त्यात वरनं 'एक पोतं जास्तीचं' आणि मोकाट पाटपाणी, मग उसानं न उचललेलं सगळं खाली उतरतं आणि पाइपातनं बाहेर, म्हणजे युरिया तुमचा, पैसे तुमचे आणि शेवाळ ओढ्याला. शिवाय पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही आणि खालच्या अंगाला कुणाची ना कुणाची विहीर असतेच.

आम्ही काय करतो, तर पाइपाचं तोंड आणि ओढा यांच्यामध्ये उथळ पाणथळ बांधून देतो. आधी गाळ बसायला छोटा खड्डा, पुढं दीड फुटापर्यंत पाण्याचं पसरट तळं, त्यात पाणकणीस, नळ, लव्हाळा असली पाण्यातली झाडं. तळाला आपली काळी चिकण मातीच चोपून घेतो, बहुतेक ठिकाणी प्लास्टिक कागदाची गरज पडत नाही. लोकांना वाटतं झाडं नायट्रेट पितात, थोडं पितात पण, खरं काम तळाच्या चिखलातले जिवाणू करतात. तिथं ऑक्सिजन नसतो म्हणून ते नायट्रेटवर भागवतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो, आणि त्यांचं खाणं म्हणजे कुजलेला पाला, म्हणून दरवर्षी सगळं कापून चकाचक करू नका प्लीज! ऊन आपल्याकडं भरपूर, त्यामुळं जिवाणू जोरात चालतात.

जागा किती? अमेरिकेत आयोवात असल्या पाणथळी वरच्या रानाच्या अर्धा ते दोन टक्के ठेवतात आणि नायट्रेट साधारण 40 ते 70 टक्के कमी होतं. आपण एक टक्का धरला तर 10 एकराला 4 गुंठे, बहुतेकांचा खालचा पांढरा पडलेला कोपरा तेवढा असतोच.

आता स्पष्ट सांगतो, क्षार यानं जात नाहीत. उलट उन्हाळ्यात बाष्पीभवनानं पाणी थोडं जास्तच खारं होतं, त्यामुळं ते परत उसाला द्यायचं असेल तर ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) तपासल्याशिवाय देऊ नका. कुणी 'क्षारमुक्त पाणी' म्हणून पाणथळ विकत असेल तर घेऊ नका, आमच्याकडनं पण नको. फॉस्फरसचं पण तसंच, सुरवातीला माती धरते, नंतर धरायची कमी होते.

पावसाळ्यात लोंढा आला की पाणी थांबतच नाही, म्हणून बाजूनं बायपास चर काढतोच. डासांसाठी गप्पी मासे सोडा. जलपर्णी दिसली की लगेच उपटा, एकदा पसरली की तुम्ही पण दमाल आणि आम्ही पण.

खोदाई मार्च ते मे, लावण पावसाच्या तोंडावर, आणि कोंब वर येईपर्यंत पाणी चार बोटंच ठेवायचं. चौकशीला येताना पाइपाच्या तोंडाचं पाणी स्वच्छ बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा, शक्यतो खत टाकल्यानंतरच्या पाण्याच्या पाळीचं, म्हणजे खरा आकडा कळेल.