म्हाताऱ्यांच्या चिठ्ठीवरची ‘झोपेची गोळी’

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या अनेक घरांत आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात बीपी-शुगरच्या गोळ्यांशेजारी आणखी एक पाकीट असतं. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, नाहीतर जुनं हॅलोपेरिडॉल. घरात तिला ‘झोपेची गोळी’ म्हणतात. ही औषधं मुळात झोपेसाठी निघाली नाहीत आणि स्मृतिभ्रंशासाठीही नाहीत. त्यांचा जन्म स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या उपचारांतला.

1952 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी, जाँ दले आणि पिएर डेनिकर यांनी, क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं. 1958 मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं या औषधांमुळे घरी परतली. तो उपकार नाकारण्याचं कारण नाही. पण पुढे हीच औषधं वृद्धाश्रमांत शिरली. रात्री हिंडणारा, ओरडणारा, अंगावर धावून येणारा म्हातारा गोळीने गप्प होतो, हे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं. अमेरिकेने 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममध्ये केवळ सोयीसाठी असं औषध देण्यावर बंदी घातली. नव्वदच्या दशकात नव्या पिढीची औषधं आली, ती जास्त सुरक्षित मानली गेली आणि वापर पुन्हा वाढला.

धक्का बसला 2005 मध्ये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 17 चाचण्या एकत्र तपासल्या. साधारण 10 आठवड्यांच्या काळात ही औषधं घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे 4.5 टक्के दगावले होते, तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 2.6 टक्के. मृत्यूंची कारणं बहुतेक हृदयविकार किंवा न्यूमोनियासारखे संसर्ग. सर्वांत कडक इशारा औषधांच्या माहितीपत्रकावर आला आणि 2008 मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू झाला. 2009 मध्ये ब्रिटनच्या सरकारसाठी प्रा. सुबे बॅनर्जी यांनी मांडलेला हिशोब अंगावर येतो: वर्षाला 1 लाख 80 हजार रुग्णांना ही औषधं, खरा फायदा फार तर 36 हजारांना, आणि 1,800 जादा मृत्यू. अमेरिकेच्या नर्सिंग होममध्ये 2011 च्या अखेरीस 23.9 टक्के रहिवाशांना ही औषधं चालू होती. 2012 च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर हे प्रमाण काही वर्षांत 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं.

तिकडे मोजता आलं, कारण म्हातारी माणसं संस्थांत होती आणि संस्थांकडे नोंदी होत्या. आपल्याकडे सांभाळ घरात होतो. मुलगा सुरतला नाहीतर पुण्याला, गावात सून किंवा तितकीच थकलेली बायको. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतल्या किती जणांच्या चिठ्ठीवर ही गोळी आहे, याची नोंद घराघरांत कोण ठेवणार?

खान्देशात यात ऊन मिसळतं, आणि माझ्या मते इथे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. पाणी कमी पडलं, लघवीत जंतुसंसर्ग झाला, पोट चार दिवस साफ नाही झालं, की एका-दोन दिवसांत माणूस बरळू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारचळ वाढला. डॉक्टरांकडे ‘रात्री झोपू देत नाहीत’ एवढीच तक्रार पोहोचते. दुखणं पाण्याचं किंवा लघवीचं असताना गोळी मेंदूची सुरू होते. त्यातही ही औषधं शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी करतात, म्हणजे उष्माघाताचा धोका आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट बोलीची. आजार वाढला की मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि माणूस अहिराणीवर किंवा लेवा गणबोलीवर येतो. स्वतःच्या ओट्यावर बसलेले आबा संध्याकाळी ‘माले घर जानं शे’ म्हणतात. ‘हेच तुमचं घर’ असं दहा वेळा समजावलं तर ते चिडतात, आणि चिडले की गोळी. त्यांच्याच बोलीत ‘कोण शे घर?’ असं विचारून सोबत चार पावलं चालून आलं, तर बऱ्याचदा तो राग विरतो. सुनेला हे कुणी सांगितलेलं नसतं, हा तिचा दोष नाही.

गोळी कधीच देऊ नये, असं कुणी म्हणत नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल, भासांनी भयभीत असेल, तर थोड्या काळासाठी कमी मात्रेत ती लागते. ल्युई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात (यात मेंदूच्या पेशींत त्या नावाचे प्रथिनांचे साठे होतात) मात्र ती जिवावर बेतू शकते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2016 च्या मार्गदर्शनानुसार 4 आठवड्यांत गुण न आल्यास ती कमी करत बंद करावी. गुण आला तरी बहुतेकांमध्ये 4 महिन्यांच्या आत बंद करून पाहावी. आपल्याकडे चूक इथेच होते. गोळी सुरू करणारा भेटतो, थांबवण्याचा विचार करणारा भेटत नाही, आणि मेडिकलवर तीच जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते. ती घरच्या घरी एका दिवसात तोडायची नसते. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारायचं: ही कशासाठी, कधीपर्यंत, आणि कमी कशी करायची?