विश्वासू मित्राकडून घात (ख्रिस्ती विचार)

ज्याच्यापाशी मन मोकळे केले, ज्याच्या पंगतीला बसलो, त्यानेच त्या जवळिकीचा फायदा घेऊन केलेले नुकसान, असा या घाताचा अर्थ ख्रिस्ती परंपरेत घेतला जातो. शत्रूने समोरून केलेला वार यात येत नाही; आधी भरवसा असावा लागतो, मगच तो मोडता येतो. बायबलमध्ये याची उदाहरणे अनेक आहेत. सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत प्रवचनांतून ती वारंवार सांगितली जातात, पण ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा कर्जाचा जामीन किंवा बांधावरचा व्यवहार असतो.

जुन्या करारातील ठळक कथा अहीथोफेलची. दावीद राजाचा हा सल्लागार. त्याचा शब्द देवाच्या शब्दासारखा मानला जाई. राजपुत्र अबशालोमाने बंड केले तेव्हा तो बंडखोरांना मिळाला आणि दाविदाला त्याच रात्री गाठून मारावे, असा सल्ला दिला. सल्ला अचूक होता. दाविदाचा मित्र हूशय याने तो मुद्दाम हाणून पाडला, आणि अहीथोफेलाने गावी जाऊन घराची निरवानिरव करून गळफास घेतला. त्याने असे का केले, हे ग्रंथ सांगत नाही. मात्र त्याच्या मुलाचे नाव अलीयाम, आणि बथशेबेच्या वडिलांचेही तेच. दोघे एकच असतील तर दाविदाने ज्या स्त्रीला भ्रष्ट केले आणि जिच्या नवऱ्याला मारवले ती अहीथोफेलाची नात ठरते. म्हणजे घात कुठून सुरू झाला, हा प्रश्न उरतोच. ५५ वे स्तोत्र परंपरा याच प्रसंगाशी जोडते: वैऱ्याने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती. याच स्तोत्रात त्या लोकांनी जिवंतपणी अधोलोकात उतरावे अशी तळतळाटाची मागणीही आहे, आणि ती कोणी गाळलेली नाही. फसवल्या गेलेल्या माणसाला लगेच क्षमेचा उपदेश करणाऱ्यांनी हे स्तोत्र शेवटपर्यंत वाचावे.

नव्या करारात हा विषय यहूदा इस्कर्योताभोवती फिरतो. तो बारा शिष्यांपैकी एक. सर्वांची पैशाची थैली त्याच्याकडे असे. बेथानी गावच्या मरीयेने येशूच्या पायांना सुगंधी तेल लावले तेव्हा ते ३०० दिनारांना विकून गरिबांना द्यायला हवे होते, अशी तक्रार त्याने केली. पुढे त्याने येशूला ३० चांदीच्या नाण्यांना धरून दिले. मोशेच्या नियमशास्त्रात बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई तेवढीच, ३० शेकेल, ठरवलेली आहे. धरून देण्याच्या त्या रात्री येशूने इतर शिष्यांबरोबर त्याचेही पाय धुतले, बुडवलेला घास त्याच्या हाती दिला. बागेत त्याने खूण म्हणून मुका घेतला, तर येशूने त्याला गड्या म्हणूनच हाक मारली. लोभ हे कारण शुभवर्तमानांत आहे, त्याच्यात सैतान शिरला असेही आहे. त्याच्या मृत्यूच्याही दोन हकिकती आहेत: मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्याने नाणी मंदिरात फेकून गळफास घेतला, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाप्रमाणे तो शेतात कोसळून मेला.

तुमच्यातला एक मला धरून देईल, असे येशू जेवताना म्हणाला तेव्हा शिष्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले नाही. प्रत्येकाने विचारले, प्रभुजी, मी आहे का तो? ख्रिस्ती विचाराचा भर या प्रश्नावर आहे. साताऱ्याकडे यहूदाची ओळख सूर्याजी पिसाळाच्या तुलनेने करून देणे सोपे जाते. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला त्यात वाईच्या देशमुखीसाठी त्याने फितुरी केली, असे परंपरा मानते. तुलना चटकन पटते, पण ऐकणारा मोकळा सुटतो, कारण फितूर नेहमी दुसराच कोणी असतो. प्रभुभोजनाच्या विधीत मात्र भाकर हाती घेताना ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्रीचा उल्लेख प्रेषित पौलाच्या शब्दांत होतो, आणि पौलाच्याच सूचनेप्रमाणे प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करायची असते.

त्याच रात्री शिष्य पेत्रानेही तीनदा येशूला नाकारले. तो शेकोटीपाशी उभा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी, पुन्हा पेटलेल्या निखाऱ्यांजवळ, येशूने त्याला तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि मेंढरे त्याच्या हवाली केली. यहूदालाही पस्तावा झाला होता, पण तो याजकांकडे गेला, येशूकडे नाही.

या भागात घाताचा आरोप ख्रिस्ती झालेल्यांवरही होत आला आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्तांच्या नजरेत घात त्यांनी केला होता. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते.

घातानंतर काय करावे, याची रीत मत्तयाच्या १८ व्या अध्यायात आहे: आधी एकट्याने जाऊन बोलायचे, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचे, मग मंडळीला सांगायचे. सगळ्या गावाला कळल्यावर मंडळीकडे जाणे ही त्याची उलटी रीत, आणि व्यवहारात तीच जास्त दिसते. क्षमा म्हणजे किल्ली पुन्हा त्याच हाती देणे नव्हे, हे पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात दिसते. सोबती देमास ऐहिक सुखाच्या आवडीने सोडून गेला, एवढेच तो नोंदवतो. पहिल्या जबाबाच्या वेळी ज्यांनी त्याला टाकले त्यांच्या माथी तो दोष न येवो, असे म्हणतो. आलेक्सांद्र तांबटाने फार वाईट केले, त्याच्यापासून तूही जपून राहा, असे बजावतो. आणि मार्काला घेऊन ये म्हणतो, तो उपयोगी आहे. हाच मार्क पूर्वी पौलाबरोबरचा प्रवास अर्ध्यात टाकून गेला होता, आणि त्याला पुन्हा घ्यायचे की नाही यावरून पौल व त्याचा सहकारी बर्णबा वेगळे झाले होते.

मित्रासाठी जामीन राहण्याबद्दल जुन्या करारातील नीतिसूत्रे सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगतात: अडकला असशील तर झोप न घेता स्वतःला सोडव. सोसायटी आणि पतसंस्थांच्या या मुलखात हा सल्ला जुना वाटत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की मित्राचे कर्ज आपल्या दारी येते. भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायदा देतो. भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाण्यापेक्षा अन्याय का सोसू नये, असे पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात विचारतो. तो मंडळीतल्या मंडळीत निवाडा करणारा शहाणा माणूस शोधायलाही सांगतो. असा माणूस सापडला नाही तर दावा लावावा की सोडून द्यावा, यावर पाळकांची मते वेगळी पडतात, आणि तोवर दावा लावण्याच्या कायदेशीर मुदतीची तीन वर्षे संपत असतात.