ओपन विंडो ६४

ओपन विंडो ६४ हा वैयक्तिक ध्येयाची आखणी करण्यासाठी वापरला जाणारा जपानी तक्ता आहे. एका कागदावर नऊ ओळी आणि नऊ स्तंभ, म्हणजे ८१ घरे आखतात; त्यांत तीन गुणिले तीन घरांचे नऊ गट पडतात. अगदी मधल्या घरात ध्येय आणि त्याला लागून असलेल्या आठ घरांत ते गाठायला लागणाऱ्या आठ बाबी लिहितात. मग यातली एकेक बाब बाहेरच्या एकेका गटाच्या मध्यभागी पुन्हा उतरवून तिच्याभोवती आठ कामे भरायची. नावातला ६४ हा आकडा या कामांचा. मंडल तक्ता या नावानेही तो ओळखला जातो.

ही रचना एकट्या माणसाची नाही. तीन गुणिले तीन घरांची मांडणी शिंगोन बौद्ध पंथाच्या वज्रधातू मंडल या धार्मिक चित्रात दिसते; हा पंथ कूकाई या भिक्षूने नवव्या शतकाच्या आरंभी चीनहून जपानला आणला. यासुओ मात्सुमुरा यांनी १९७९ मध्ये तिच्यावरून कामकाजाच्या नियोजनाचा तक्ता तयार केला, तर हिरोआकी इमाइझुमी यांनी १९८० च्या दशकात विचार मांडण्याची ‘मंडलार्ट’ पद्धत काढली. ताकाशी हारादा यांनी ओपन विंडो ६४ आपल्या प्रशिक्षणपद्धतीचा भाग केला. हारादा हे ओसाकातल्या सरकारी माध्यमिक शाळेतले माजी शिक्षक आणि मैदानी खेळांचे प्रशिक्षक.

तक्त्याला खरी प्रसिद्धी मिळाली ती बेसबॉलपटू शोहेई ओतानीमुळे. इवाते प्रांतातल्या हानामाकी हिगाशी उच्च माध्यमिक शाळेत पहिल्या वर्षाला असताना प्रशिक्षक हिरोशी सासाकी यांच्या सांगण्यावरून त्याने तो भरला. मधल्या घरात त्याने लिहिले: आठ संघांची ड्राफ्टमधली पहिली पसंती. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघ बारा; ड्राफ्ट म्हणजे त्यांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक पद्धत. एकाच खेळाडूवर अनेकांनी दावा सांगितला, तर चिठ्ठ्या टाकून निर्णय होतो. याच शाळेच्या युसेई किकुचीवर २००९ मध्ये सहा संघांनी दावा सांगितला होता. शाळकरी पोराने त्याच्याही पुढचा आकडा धरला.

भोवतीच्या आठ बाबींत शरीर, चेंडूवरील ताबा, चेंडूची धार, मन, ताशी १६० किलोमीटर वेग आणि वळणारे चेंडू आहेत, हे ओघानेच आले. उरलेल्या दोन बाबी म्हणजे माणूसपण आणि नशीब. शरीराच्या गटात रात्री सात आणि सकाळी तीन वाडगे भात, ९० किलोचे फ्रंट स्क्वॉट, १३० किलोचे बॅक स्क्वॉट (वजन पेलून मारायच्या बैठका) अशी रोखठोक नोंद आहे. नशिबाच्या गटात मात्र नमस्कार-चमत्कार, कचरा उचलणे, खोली झाडणे, साहित्य जपून वापरणे, पंचांशी वागणूक, पुस्तके वाचणे, सकारात्मक विचार आणि ‘लोकांना पाठिंबा द्यावासा वाटेल असा माणूस होणे’. नशीब हेसुद्धा सवयीचे काम मानणारा हा गट अख्ख्या तक्त्यात सर्वांत वाचनीय आहे.

वेगाचे घर २०१२ च्या जुलैमध्ये भरले: प्रांतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याने ताशी १६० किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. मधले घर मात्र रिकामेच राहिले, ही बाब तक्त्याचे गोडवे गाणारे बहुधा सांगत नाहीत. ओतानीने थेट अमेरिकेत खेळण्याचा मनोदय जाहीर केल्यामुळे बाकीचे संघ मागे सरले आणि त्या वर्षी ड्राफ्टमध्ये निप्पॉन-हॅम फायटर्स या एकाच संघाने त्याचे नाव घेतले. पुढे २०२३ अखेर लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी संघाशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार झाला, पण तक्त्यात त्याचा मागमूस नाही. शिवाय असे तक्ते भरून पुढे काहीच न झालेली मुले बातमीत येत नाहीत, तेव्हा यशाचे सगळे श्रेय कागदाला देणे भाबडेपणाचे ठरेल.

व्हिजन बोर्ड आणि हा तक्ता दोन्ही भिंतीवर लागतात, पण त्यांचा भर वेगळा. व्हिजन बोर्डवर घर, गाडी, पदवी अशा फळांची चित्रे असतात. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराने टेबलासमोर चिकटवलेले पदाचे नाव हा त्याचाच साधा अवतार. मानसशास्त्रातील निष्कर्ष या बाबतीत तक्त्याच्या बाजूला झुकतात. लियेन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परीक्षेआधी आपण अभ्यास कसा करतो आहोत हे डोळ्यांसमोर आणणाऱ्या विद्यार्थ्यांना, नुसते चांगले गुण मिळाल्याचे चित्र रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक गुण मिळाले. गाब्रिएल ओएटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन घटवण्याच्या कार्यक्रमातील स्त्रियांवर केलेल्या अभ्यासातही यशाची फार गुलाबी स्वप्ने पाहणाऱ्यांचे वजन कमी घटले. ओपन विंडो ६४ या तक्त्याची स्वतंत्र परीक्षा मात्र या अभ्यासांत झालेली नाही.

भरताना पहिल्या तीन-चार बाबी झटक्यात सुचतात. सातवी-आठवी अडते, आणि तक्त्याचा उपयोग तिथेच कळतो. ‘नशीब’ आणि ‘माणूसपण’ अशी अनपेक्षित घरे बहुधा त्या अडचणीतूनच येतात. दुसरी पंचाईत कामे लिहिताना. ‘मेहनत करणे’ हे काम नव्हे, ते झाले की नाही हे रात्री सांगता येत नाही; भाताचे वाडगे मोजता येतात. हारादांच्या पद्धतीत म्हणूनच तक्त्यासोबत रोजच्या सवयींचे खूणपत्रक आणि दैनंदिनी असते. चौसष्टमधून निवडलेली थोडी कामे त्या पत्रकावर उतरवतात आणि झाले की खूण करतात.